खाचेचा अर्धा आटा

मी, पुंजाराम सहादू पगारे, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा अंबडच्या कारखान्यात टूलरूम फिटर, हल्लीचा धंदा दुसऱ्यांच्या चुका काढणे, राहणार सिडको, नाशिक, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवीत आहे. माझ्यावर दडपण आणील असा माणूस या घरात अजून तयार व्हायचा आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टर सरिता निकम यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण माझ्या मुलाचे या बाबतीत वेगळे मत आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. धमक्या पुष्कळ दिल्या, त्या सर्व रद्द समजाव्यात.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी वत्सलाबाई हिच्या हयातीपर्यंत तिची. तिच्यामागे मुलगा किशोर व मुलगी संध्या यांनी निम्मे निम्मे घ्यावे. गच्चीवर वाळूच्या पोत्यांची भिंत आहे. तिच्यावर मी वीस वर्षे दर रविवारी छर्रे मारले. ती पाडू नये अशी माझी विनंती आहे. वत्सलाबाई तेराव्याच्या आत पाडणार, हे मला ठाऊक आहे. कुरडया वाळत घालायला जागा नाही, असे ती घर घेतल्यापासून सांगते आहे.

२. कानशी, पाने, व्हर्नियर व मायक्रोमीटर शेजारचा मनोज याला द्यावेत. त्याला ते वापरता येत नाहीत. पण मागून इतक्या वेळा नेले आहेत की आता निदान परत आणून देण्याचे त्याचे कष्ट वाचतील.

३. चहाच्या टपरीवर रविवारी जमणाऱ्या एअरगनच्या जाणकार मंडळींना जुन्या स्प्रिंगा व चामड्याच्या वॉशरांचा डबा द्यावा. या मंडळींनी पंधरा वर्षे चर्चा केली की छर्रा चपट्या तोंडाचा बरा की टोकदार. द्राक्षबागेतली पाखरे हाकायला कोणती बंदूक, घुशीला कोणती, वानरे आली तर काय. वानरे आली तेव्हा सर्वजण टपरीच्या आत होते. पाखरे हाकायला पत्र्याचा डबा वाजवला तरी पुरतो, हे मी एकदा बोललो, तर महिनाभर मला कोणी चहा पाजला नाही. मनोजने तर बंदुकीवर दुर्बीण बसवली आणि तीतून समोरच्या बिल्डिंगची डिश अँटेना फोडली. तो अजूनही म्हणतो की वारा होता.

४. किशोर जमिनीचे व्यवहार करतो, म्हणजे दिवसभर फोनवर बोलतो. त्याला माझी स्कूटर द्यावी. त्याला कमरेला लावायला लायसनची रिव्हॉल्व्हर पाहिजे आहे. कशासाठी, असे विचारले तर म्हणतो, ‘‘तात्या, चार लोकांत वजन पडतं.’’ बाळा, एअरगनला लायसन लागत नाही, अक्कल लागते. रिव्हॉल्व्हरला दोन्ही लागतात. त्याने अर्ज केल्यास त्याची आई हरकत घेईल अशी व्यवस्था मी केली आहे.

५. मेव्हणा चंदर बुधा गांगुर्डे, राहणार वणी, यास काहीही नाही. वकील म्हणतात, ज्याला काही मिळायचे नाही असा माणूस साक्षीदार म्हणून उत्तम. म्हणून खाली त्याची सही घेत आहे. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडतो आहे.

त्याचे आमचे काय झाले ते इथे लिहिणे भाग आहे, कारण पुढचे कलम त्यावर उभे आहे. चंदर सप्तशृंगीच्या चैत्रातल्या यात्रेत फुगे फोडायचा गाळा लावतो. १९९० साली त्याने तीन बंदुका दुरुस्तीला आणल्या. मी स्प्रिंगा बदलल्या. बघतो तर तिन्हींची मागची खाच, जिच्यातून नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे बारीक खुंटीवर, नजर धरतात ती, एका बाजूला सरकलेली. मी टूलरूमचा माणूस. मला वाकडे बघवत नाही. तिन्ही खाचा केसाइतक्या अचूक लावून दिल्या. यात्रेच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बायाबापड्यांनी सगळे फुगे फोडले आणि बक्षिसाचे कंगवे, साबणदाण्या, स्टीलचे पेले उचलून नेले. चंदर संध्याकाळी बंदुका घेऊन दारात उभा.

‘‘दाजी,’’ तो म्हणाला, ‘‘आवो गाळ्याची बंदूक चालाया पायजे, लागाया नाय पायजे!’’

मग त्यानेच मला दाखवले. खाचेच्या बाजूला बारीक स्क्रू असतो. तो डावीकडे अर्धा आटा फिरवायचा. नजरेला दिसत नाही, नेम धरणाऱ्याला वाटते आपलाच हात हलला, आणि तो पुन्हा पैसे काढतो. सगळ्या गाळ्यांवर हीच रीत. मी त्याला चोर म्हणालो. तो उठून गेला आणि चार वर्षे आमच्या घरी आला नाही. चोर म्हणण्याचा अधिकार मला होता तोवरची ही गोष्ट.

६. माझी एअरगन आणि कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले पुठ्ठ्याचे एक टार्गेट कार्ड मुलगी संध्या हिला द्यावे. ती विंचूरजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. बंदूक नको म्हणेल. तरी द्यावी, आणि हे कलम तिने स्वतः वाचावे.

संध्या, तू बारा वर्षांची असल्यापासून गच्चीवर माझ्या शेजारी उभी राहून मारायचीस. १९९२ च्या जानेवारीत, तू अठराची असताना, जिल्ह्याची स्पर्धा होती. पहिली आलीस तर पुढे पुण्याला. त्याच सुमारास तुला स्थळ आले होते आणि त्या लोकांना बंदूक मारणारी सून नको होती. मी स्वतःला पुढे अनेक वर्षे हेच कारण सांगितले. ते खोटे आहे. खरे कारण असे की आदल्या रविवारी टपरीवरची सगळी मंडळी गच्चीवर आली होती आणि त्यांच्यासमोर तू मला हरवलेस. दहापैकी नऊ तुझे मधोमध, माझे सहा. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

स्पर्धेच्या सकाळी तू म्हणालीस, ‘‘तात्या, साइट तुम्हीच लावून द्या.’’ मी आपली एअरगन मांडीवर घेतली आणि खाचेचा स्क्रू अर्धा आटा डावीकडे फिरवला.

सरावाला पाच छर्रे मिळाले होते. पाचही डावीकडे लागले. कोणीही शहाण्या माणसाने स्क्रू फिरवला असता. तू फिरवला नाहीस. खाच तात्यांनी लावली आहे म्हणजे ती बरोबरच असणार, चूक आपल्याच डोळ्यांत असणार, असे तुला वाटले. घरी येताना तू मलाच म्हणालीस, ‘‘साइट बरोबर होती तात्या, मीच ढिली.’’ मी गप्प बसलो. तेव्हापासून चौदा वर्षे गप्प आहे. या काळात मी जगभराच्या चुका काढल्या.

त्यानंतर तू बंदुकीला हात लावला नाहीस. तीन डॉक्टरांकडून डोळे तपासून घेतलेस. तिघांनी दोष नाही म्हणून सांगितले, तर तुला वाटले डॉक्टरांना कळत नाही. आता तुझी साक्षी अकरा वर्षांची आहे, तिच्या शाळेत नेमबाजी सुरू झाली आहे, आणि तू तिला नाव देऊ देत नाहीस. दिवाळीत माझ्यासमोर तिला म्हणालीस, ‘‘आपल्या घराण्यात नेम नाही गं.’’ त्या दिवशी मला जेवण गेले नाही. हे मृत्युपत्र त्यासाठी लिहायला घेतले. घर, स्कूटर, कानशी हा सगळा वरचा पसारा आहे.

कार्ड त्याच स्पर्धेचे आहे, नीट बघ. दहा छर्रे आहेत. दहाही मध्यापासून दूर डावीकडे, पण एकमेकांना चिकटून, पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकतील असे. हात हलणाऱ्याचे छर्रे असे लागत नाहीत पोरी. त्या दिवशी तिथे एवढे जाणकार हजर होते, पण मार्क मोजून सगळे निघून गेले. ते कार्ड जिल्ह्यात सगळ्यात चांगले होते. मी ते उचलून आणले आणि लपवले.

बंदुकीची खाच मी त्या सकाळपासून तशीच ठेवली आहे; दर रविवारी माझे छर्रे डावीकडे लागत राहिले, तरी स्क्रूला हात लावला नाही. स्क्रू उजवीकडे अर्धा आटा तू तुझ्या हाताने फिरव. पहिले दहा छर्रे तू मार, पुढचे साक्षीला मारू दे. मला माफ करावेस अशी अट मी घालत नाही. तसली अट कोर्टात टिकत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे.

हे मी जिवंतपणी सांगायला हवे होते. तेवढा धीर माझ्यात नाही. मेलेल्या माणसाला कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून ही वाट धरली.

येणेप्रमाणे सहा कलमे वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण: सिडको, नाशिक
तारीख: १९ नोव्हेंबर २००६

(सही) पुंजाराम सहादू पगारे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. सरिता निकम
२. (सही) चंदर बुधा गांगुर्डे

साक्षीदार क्रमांक दोन याने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले ते असे:

डॉक्टरीनबाई गेल्या आन् दाजी गोळी घेऊन आत आडवे झाले, तवर लिहितो. साक्षीदाराने निस्ती सही करायची असती ते मला माहीत हाय. पण इद्या मी शिकवली, तवा माझंबी यात नाव हाय. दाजींना म्हणलं, मरायची वाट कशाला बघता, आत्ताच फोन लावा. नाय म्हणले. मग मीच विंचूरला लावला आन् सहावं कलम वाचून दाखवलं. पोरीनं कार्डाचं तेवढं पुन्यांदा वाचाया लावलं. मग म्हणाली, ‘‘मामा, स्क्रूला कुणी हात लावू नका. मी साक्षीला घेऊन येतेय.’’