बार्बराचं रविवारचं जेवण

शनि., ८ नोव्हें., डून लेरी
दुपारी लेकाने, निखिलने, समुद्राच्या धक्क्यावर नेलं. फिश अँड चिप्स. बाकावर बसून, मांडीवर कागद, वारा असा की चिप्स उडतील. मासा ताजा, वरून कुरकुरीत, आत नुसती वाफ. सोबत कुस्करलेले मटार. दहापैकी आठ. व्हिनेगर कमी पडलं.
पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना सगळी नोकरीभर इंग्लिश पदार्थ शिकवले, तेही पुस्तकावरून. इंग्रजाच्या हातचं एकही खाल्लं नव्हतं. जानेवारीत परत जाण्याआधी सगळं खाऊन घेणार. सूनबाई हसते. "आई, आयर्लंडमध्ये बसून इंग्लिश जेवण शोधताय! जरा हळू बोला हं." हसू दे. शेजारची बार्बरा अस्सल यॉर्कशरची. लग्न होऊन इथे आली, नवरा गेला, आता ऐंशीच्या पुढे, एकटी. उद्या-परवा गाठतेच तिला.

सोम., १०
बेसनाच्या वड्या घेऊन गेले, तर बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये! जिन्यात पाय घसरला. तरी चहा स्वतःच केला, डाव्या हाताने, अर्धा बशीत.
मग निघालं सगळं. मुलगी हेलन कॉर्कला असते, रविवारी येतेय. आईला तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणते. बार्बराचं म्हणणं, "रविवारचं जेवण नेहमीसारखं टेबलावर आलं, की तिला बोलायला जागा उरणार नाही."
म्हटलं, मी करते. बीफला हात लावणार नाही, लँब करेन.
तिने मला नखशिखांत पाहिलं. "यॉर्कशर पुडिंगचं पीठ भिजवून किती वेळ ठेवता?"
माझी परीक्षा! "निदान तासभर. आणि साच्यातल्या तेलातून धूर निघाल्याशिवाय ओतत नाही."
"ग्रँड," म्हणाली. पास.

बुध., १२
निखिल नाराज. "आई, त्यांच्या घरच्या भानगडीत आपण कशाला? हेलन काळजीपोटीच म्हणत असेल ना. उद्या तू पडलीस तर मीही तेच म्हणेन."
"तसं म्हणून तर बघ," म्हटलं.
नंतर वाटलं, पोरगं घाबरलंय. रात्री जेवताना त्याला दुसरी पोळी आग्रहाने वाढली. 

शुक्र., १४
बार्बराकडे तालीम. ती खुर्चीत बसून हुकूम सोडणार, मी ओव्हनपाशी. पुडिंग मस्त फुगलं, नावाचंच पुडिंग, गोड नव्हे, मैदा-अंड्याचं; कडा उंच, मधे खळगा. वाद झाला. मी शिकवत आले की ते मांसाबरोबर वाढायचं. ती म्हणे, आमच्याकडे आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर. पोट निम्मं भरलं की मांस थोडक्यात भागतं. तसं खाल्लं. कडा कुरकुरीत, तळ मऊ, ग्रेव्ही मुरलेली. तिचंच बरोबर. चूक पुस्तकाची, माझी नव्हे.
दुसरा वाद खरा. हेलन यायच्या आत मी मागच्या दाराने निघून जायचं, आणि जेवण बार्बराने एकटीने केलं असं सांगायचं!
"मी चोरून स्वयंपाक करत नाही. पाहुणी म्हणून टेबलावर बसेन."
"मग येऊच नका."
आले निघून. कोट तिथेच राहिला. गारठले.

शनि., १५
सकाळी बार्बराचा फोन. "लँब ओव्हनमध्ये कधी ठेवायचं?" कोटाचं नाव नाही, कालचं नाव नाही. वेळ सांगितली, मीच येऊन ठेवते म्हटलं.

रवि., १६
हेलन लवकर आली, मागच्या दाराचा प्रश्नच मिटला. मी ओव्हनपाशी, ओव्हनचं दार उघडायचं नाही अशी वेळ, त्यामुळे हात मिळवायलाही हलले नाही. उंच बाई, थकलेली. 
जेवण उत्तम. पुडिंग आधी. मग लँब, पुदिन्याचा सॉस, ओव्हनमधले बटाटे. हेलनने दोनदा घेतलं. मग काटा खाली ठेवला.
"मम, हे केलं कोणी?"
 मला वाटलं, बार्बरा आता खोटं बोलणार. ती म्हणाली, "हात तिचे. बाकी सगळं माझं."
"आणि उद्या? गुरुवारी? परत पडलीस तर? फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली शोधते गं." रडायलाच लागली. एवढी मोठी बाई.
मी म्हटलं, जानेवारीपर्यंत रोज सकाळी येईन.
"आणि त्यानंतर?"
 त्यानंतर मी पुण्याला, असं सरळ सांगितलं.
बार्बराने डावा हात पुढे करून हेलनची बशी ओढली आणि शेवटचं गोड, ॲपल क्रंबल, वाढायला घेतलं. निम्मं टेबलावर सांडलं. हेलनने ते बोटांनी उचलून खाल्लं. त्या दोघींचं त्या बघतील. मी चहा ठेवायला उठले.

मंगळ., १८
बार्बराला हेलनचा फोन आला होता. पुढच्या रविवारी येतेय, घर दाखवायला कुणाला तरी घेऊन. जिन्याला कठडा बसवणारा, की घर विकणारा? बार्बराने विचारलंच नाही. मी विचारलं असतं.
"किती जणांचं करायचं?" एवढंच म्हणाली.
चौघांचं, म्हटलं. येणारा कोणीही असो, जेवूनच जाईल. या वेळी वाफवलेलं सुएट पुडिंग; सुएट म्हणजे गुरांची चरबी, पण दुकानात शाकाहारी मिळतं. मी कधी खाल्लेलं नाही. दुपारी सामान आणायला जाणार.