वळणाचा पाया

प्रिय किशोर,

अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर केला, त्याबद्दल आधी माफ कर. गणपतीत तू गेलास आणि आता शिमगाही होऊन गेला. मधे चार वेळा कागद घेऊन बसलो आणि चारही वेळा फाडला. चौथी शिकलेल्या माणसाला लिहायला वेळ लागतो असं तुझ्या आईला सांगत राहिलो, पण ते काही खरं नाही. फोनवर तू "बरं आहे ना?" विचारतोस, मी "बरं आहे" म्हणतो आणि फोन तिच्या हातात देतो. तुझी मान अजून दुखते का? सूनबाईला, सारिकाला विचारलं तर ती काही सांगत नाही. वाडीने बांध फुटल्याचं खापर तुझ्यावर फोडलं आणि शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा तू नव्हतास. आई पालखीपुढे एकटीच उभी होती. मी गोठ्यात जाऊन बसलो.

खरं सांगतो, तुझ्या त्या पिवळ्या चिठ्यांची मला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. घरून काम करायला मिळालं म्हणून तू चैत्रात पुण्याहून आलास आणि पावसात ओढ्यासारखा उधळणाऱ्या पऱ्याच्या कडेचा बांध नव्याने घालायचं अंगावर घेतलंस, तिथवर मला अभिमान होता. पण महाडहून चिठ्यांचे गठ्ठे आणलेस, समाजमंदिराच्या भिंतीवर तीन रकाने आखलेस, करायचं, चालू, झालं, आणि रोज सकाळी आठला आम्हा म्हाताऱ्यांना शाळेतल्या पोरांसारखं उभं केलंस. बसायचं नाही, बसलं की गप्पा होतात म्हणे. प्रत्येकाने सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. चाळीस वर्षं मी दगड लावतोय. उमरठपासून कापड्यापर्यंत माझे बांध आहेत. मला कुणी कधी विचारलं नव्हतं काल काय केलंस म्हणून. आणि तुझं ते, थोडं बांधू, बघू, चुकलं तर पुढच्या पंधरवड्यात सुधारू. पऱ्याला काय सांगणार, जरा थांब बाबा, आमचा पंधरवडा व्हायचाय? मी तुझ्या आईपाशी रोज चिडायचो. ती म्हणायची, "तुमाला कोनी इचारलं की राग येतो, दुसरं काय नाय."

एका दुपारी तू ओटीवर लॅपटॉप मिटून बसला होतास, ते मला आठवतं. तुलाच तुझ्या कामाची किळस आली होती. तू म्हणालास, "बाबा, आमच्याकडे तारीख आली की लोक झालं म्हणून मोकळे होतात. उघडून कुणी बघत नाही. सहा महिन्यांनी ते कोसळतं आणि मी उपसत बसतो." मग म्हणालास, चांगलं काम ते, जे दुसऱ्या माणसाला वाचता येतं आणि त्याला त्यावर पुढचा दगड ठेवता येतो. तुझं काम मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि मी काय बोललो? "आमच्या दगडात खोटं चालत नाय." मोठ्या तोऱ्यात बोललो. ते वाक्य आठवलं की आता जेवण जात नाही.

बांध आषाढात फुटला, पऱ्याच्या वळणावरच. गोदूबाईची दोन्ही खाचरं गोट्यांनी भरली. नुकती लावलेली रोपं दिसेनाशी झाली. ती एकटी बाई. खाचरात उतरून ती एकेक गोटा वेचत राहिली, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गणपतीला मुंबईचं मंडळ आलं आणि बैठकीत, रोज आपल्याबरोबर बांधावर राबणाऱ्या भरतनेच सगळ्यांसमोर म्हटलं, "कागदं चिकटवून बांध होतो काय? हा काय गेम हाय मोबाइलवरचा?" लोक हसले. तुला कामावरून दूर करायचं ठरलं. तू म्हणालास, "जबाबदारी माझी होती." एवढंच. मी तुझ्या शेजारी सतरंजीचा दोरा उसवत बसलो होतो.

बांध फुटला त्या सकाळी तू पाण्याची ओढ कमी होताच फुटलेल्या जागेत उतरला होतास. हातात पहार होती. पहार कातळावर बसली की खणकन वाजते, हे तुला मीच लहानपणी शिकवलं. तू मारलीस, आवाज आला धप्प. मुरूम. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस आणि पहार माझ्या हातात देऊन घरी गेलास.

तेव्हा आता लिहितो. वळण माझ्याकडे होतं. पायाला कातळ लागेना. माझी चिठी नऊ दिवस 'चालू'मध्ये राहिली. रोज सकाळी उभं राहून सांगायचं, अजून खणतोय. भरत म्हणायचा, "बुवा पाताळात चालले, येताना तिकडची खबर आना." गुडघे बोलत होते, पण गुडघ्यांचं सांगायची लाज वाटली. कुठे अडलंय असं तू रोज विचारायचास आणि मी रोज "कुठे नाय" म्हणायचो. दहाव्या दिवशी मुरमावरच दगड बसवले आणि चिठी माझ्या हाताने 'झालं'मध्ये सरकवली. कातळ लागला, म्हणालो. तुझा नियम होता, एकाचं काम दुसऱ्याने पहार मारून बघायचं. भिकाजी पहार घेऊन आलाही. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माझ्याच हाताखाली शिकलेला. मी त्याच्या अंगावर ओरडलो. आणि तू, नियम करणारा तू, म्हणालास, "राहू द्या भिकाजीकाका, बाबांचं काम आहे." सगळ्या भिंतीवर तेवढी एकच चिठी न तपासता गेली. तुझ्या चिठ्यांची शिसारी कधीच गेली. आता मला माझ्या हातांची येते.

हे पत्र लिहायचं कारण असं. पालखी गेल्यावर दुसऱ्या दिवशी, पालखी टेकवतात त्या सहाणेवर बैठक होती, मुंबईवाले अजून होते. मी उभा राहिलो. बसून बोललो नाही. सगळं सांगितलं. भरत खाली बघत राहिला. भिकाजी म्हणाला, "किती ऱ्हायलं होतं?" फुटल्यावर मी एकट्याने खणून मोजलं होतं, म्हटलं, दीड हात. तो म्हणाला, "दीड हातासाठी मला हाक नाय मारलीस रे?" गोदूबाई उठून गेली, ती अजून माझ्याशी बोलत नाही. बोलू नये. आता वळण पुन्हा उपसलंय, या वेळी भिकाजी खणतो आणि मी वर बसून माती ओढतो. परवा पहार वाजली. सगळ्यांनी येऊन मारून बघितली, गोदूबाईनेसुद्धा. तरी मी चिठी 'चालू'मध्येच ठेवलीय. तू उतरून पहार मारल्याशिवाय वरचा दगड ठेवायचा नाही, असं मी उभ्यानेच सगळ्यांना सांगितलंय. माझं काम आहे म्हणून सोडू नकोस. वैशाखाच्या आत दगड बसले नाहीत तर पऱ्या थांबणार नाही. येतोस की नाही, येणार नसशील तर तसं, पण लवकर कळव. मी रोज फोन उशाशी घेऊन पडतो.

तुझाच,
बाबा