थोरला घ्यावा की धाकटा

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

फोनवर विचारलं की तू बघू म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र. पार्सलात दोन कॅमेरे आहेत, दोन्ही फुल-फ्रेम, दोन्ही मिररलेस. दुकानदाराने ओळखीखातर पंधरा दिवस वापरायला दिलेत, तेव्हा जपून.

जाड आहे त्याला मी थोरला म्हणतो, दुसऱ्याला धाकटा. थोरला पंचेचाळीस मेगापिक्सेलचा. भिंतभर प्रिंट काढली तरी पापणीचे केस मोजता येतील. पण व्हिडिओला लावला की अर्ध्या तासात तापतो आणि स्वतःच बंद पडतो. धाकटा चोवीसचा, हलका, कमी उजेडात बरा, दोन तास शूटिंग केलं तरी गार. मी व्हिडिओवाला, माझा जीव धाकट्यावर. तू स्टुडिओवाली, तू थोरल्यासाठी भांडणार हे मी धरूनच चाललोय. पण कंपन्या वेगळ्या आहेत, एकाची लेन्स दुसऱ्याला बसत नाही. तुला नि मला एकाच कंपनीचा घ्यायला हवा, म्हणजे सगळं सामान इकडचं तिकडे चालेल.

तुमच्या गावच्या बुटांच्या कारखान्याचं काम जवळजवळ आपलंच आहे. साठ कामगार, प्रत्येकाचा एक मोठा फोटो, नव्या इमारतीच्या जिन्यात लावणार. फोटो तुझे, फिल्म माझी. मॅनेजरबाई इकडे शहरातल्या ऑफिसात बसतात, त्यांना आधी नमुने बघायचेत. ते तू दोन्ही कॅमेऱ्यांनी काढ आणि मेमरी कार्डं मला पाठव, मी त्यांना दाखवतो.

एक सांगायचं राहिलं. स्क्रीनवर बोट फिरवलं की फोकसची चौकट सरकते. ही सोय मी फक्त उजव्या अर्ध्या भागावर चालू ठेवलीय, कारण स्क्रीनच्या वरच्या व्ह्यूफाइंडरला उजवा डोळा लावला की आपलं नाक स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यावर टेकतं. बाबांनी आपल्याला दुसरं काही ठेवलं नसेल, पण नाक भरपूर ठेवलंय.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा ठेव, कॅमेऱ्यावरून भांडलीस तरी.

तुझा,
बारक्या

ता. १० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उ. आ.

पार्सल पोचलं. तुझं पत्र सगळ्यात खाली होतं, म्हणजे कॅमेरे आधी आणि सूचना नंतर. तुझं नेहमीचंच.

नमुने काढून झाले. शिलाई मशीनवरच्या दोघीजणी, तळ कापणारा, साचे रचणारा आणि शेवटी पॉलिशवाले आजोबा. प्रत्येकाचे दोन्हींनी काढले. आजोबांनी विचारलं, कॅमेरे दोन कशाला, एकाचा भरवसा नाही का. मी म्हटलं, कॅमेऱ्याचा आहे, भावाचा नाही.

चेहऱ्यातला डोळा ओळखून आपोआप फोकस करायची सोय मी दोन्हींत बंद केली. बत्तीस वर्षं माणसांचे डोळे शोधतेय, आता यंत्राने मला शिकवू नये. एक लहान चौकट ठेवून काढले, नेहमीसारखे. धाकट्याची स्क्रीन कपाटाच्या दारासारखी उघडते, ती मी उलटी फिरवून मिटूनच टाकली. मी कुठे बघते स्क्रीनकडे. थोरल्याची मिटत नाही. त्याची चौकट मधूनच आपोआप सरकते, एवढी एक तक्रार. नवीन आहे, वळण लागेल.

तरी घ्यायचा तो थोरलाच. जिन्यात चार-चार फुटी चेहरे लागणार, तिथे तुझ्या चोवीसचं काय लोणचं घालायचंय? तुझ्या फिल्मचं म्हणशील, तर अर्ध्या तासाने कॅमेऱ्याला आणि तुला दोघांनाही विसावा मिळेल. तू कामात पाणी प्यायचं विसरतोस, असं तुझी बायकोच मला सांगत होती.

तुझे दाजी बरे आहेत. हल्ली माझ्यासमोर फोटोला बसायचा मात्र त्यांना कंटाळा आलाय. प्रकृतीला जप आणि आठवण काढत जा, कामाशिवायही.

तुझी,
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्डं मिळाली. आधी चांगलं सांगतो. धाकट्याने काढलेला पॉलिशवाल्या आजोबांचा फोटो मी स्क्रीनवर मोठा केला आणि चहा गार झाला. गेल्या दहा वर्षांतला हा तुझा सगळ्यात चांगला फोटो आहे, हे तोंडदेखलं म्हणत नाही.

आता दुसरं. थोरल्याच्या पाचांतले चार गेले. शिलाईवाल्या बाईंचा चेहरा धूसर आणि शेजारचं मशीनचं चाक लख्ख. तळ कापणाऱ्याच्या मागची खिडकी स्पष्ट, तो स्वतः धुक्यात. मी गडबडीत होतो, आधी थोरल्याचंच कार्ड मॅनेजरबाईंकडे गेलं. त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं की फोटोंसाठी दुसरं कोणी मिळेल का. मी वेळ मागून घेतलाय.

माझ्या मनात असं आहे की मी येतो आणि फोटोही मीच काढतो. तू बाहेर टेबलाशी बस, नावं लिहून घे, एकेकाला आत पाठव. काम घरातच राहील, तुझी दगदगही वाचेल. खूप केलंस तू. थोरला परत पाठव, दुकानदाराकडून तपासून घेतो.

आणि अक्षर केवढं मोठं झालंय तुझं! ओळी उतारालाही लागल्यात. चालत्या गाडीत लिहितेस काय? उत्तर लवकर पाठव, राग असला तर पत्रातच काढ.

तुझा,
बारक्या

ता. १८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

दोन्ही कॅमेरे परत पाठवलेत. धाकटाच घे. माझं काही म्हणणं नाही.

कारखान्याच्या कामाचं मॅनेजरबाईंना हवं तसं करू दे. त्यांना दुसरा माणूस आणायचा असेल तर आणोत, तुला काढायचे असतील तर तू काढ. मी टेबलाशी बसणार नाही. दगदग होतेय असं मी कोणाला सांगितलं होतं, तेही आठवून बघ.

मांडीवर पाट घेऊन लिहिते, म्हणून ओळी उतरतात. बाकी ठीक.

ताई

ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू एखादा वाद चार ओळींत सोडून दिलास, हे मी एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तिथेच मला चुटपुट लागली.

दुकानदाराने माझ्यासमोर थोरला तपासला. तब्येत ठणठणीत आहे म्हणाला, फक्त स्क्रीन पुसत जा. पुसायला घेतली तर उजव्या अर्ध्या भागावर, व्ह्यूफाइंडरच्या खाली, एक जाडसर डाग. तुझ्या कोल्ड क्रीमचा, वासावरून कळलं. मी कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. नाक गेलं डाव्या अर्ध्यावर, डाग राहिला बाजूला. मग डाव्या डोळ्याला लावला. नाक बरोबर डागावर बसलं आणि आत फोकसची चौकट सरकत सरकत उजव्या कडेला गेली. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, मी दोन-तीनदा तेच केलं.

म्हणजे फोटो बिघडले ते तुझ्यामुळेही नाही आणि कॅमेऱ्यामुळेही नाही. मी तुला विचारल्याशिवाय ती सोय उजव्या बाजूला ठेवली, कारण तू उजव्या डोळ्याने बघतेस हे मी गृहीत धरलं. धाकट्याची स्क्रीन तू मिटली होतीस, म्हणून ते फोटो वाचले.

ताई, आता सरळ विचारतो आणि सरळ उत्तर दे. उजव्या डोळ्याला काय झालंय? कधीपासून? दाजींना माहीत आहे का? माझ्यापासून का लपवलंस? तुझी काळजी वाटते, हे लिहायची आपल्यात पद्धत नाही, पण वाटते.

तुझा,
बारक्या

ता. २६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उ. आ.

पकडलंस. नाकामुळे पकडली जाईन असं वाटलं नव्हतं.

गेल्या मार्चपासून. ज्याच्याकडे बघावं त्याचाच चेहरा मधून पुसल्यासारखा दिसायला लागला. दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, तो परत येणार नाही. डावा डोळा चांगला आहे, दर चार महिन्यांनी तपासायचा. तुझ्या दाजींना माहीत आहे. त्यांना मी शपथ घातली होती. डाव्या डोळ्याने काढायची सवय व्हावी म्हणून आठ महिने त्यांनाच समोर बसवलं. पेपर वाचताना, दाढी करताना, झोपलेले, रुसलेले. चारशे तरी फोटो असतील. एवढे तर लग्नातही काढले नव्हते.

का लपवलं ते ऐक. बाबांचा हात कापायला लागला तेव्हा आपण दोघांनी त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. किती गोड बोललो होतो आपण. खूप केलंत, आता आराम करा. स्टुडिओतल्या काउंटरमागच्या स्टुलावर बसवलं आणि पासपोर्ट फोटोंची पाकिटं द्यायला लावली. सहा वर्षं बसले, एकदाही तक्रार नाही. पण आत कोणी फोटोला बसलं की ते स्टुलावरून आपली हनुवटी जरा वर करायचे, गिऱ्हाइकाने करावी तशी. तू गाव सोडलं होतंस, तुला दिसलं नाही. मी रोज बघत होते आणि तरी त्यांना एकदाही कॅमेरा दिला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुझ्या पत्रात टेबल वाचलं आणि तो स्टूल डोळ्यांपुढे आला. भीती वाटली मला. डोळ्याची वाटली नव्हती एवढी.

आजोबांचा जो फोटो तुला दहा वर्षांतला सगळ्यात चांगला वाटला, तो डाव्या डोळ्याने काढलाय. आता काय ठरवायचं ते तू ठरव, मी भांडणार नाही. माया मात्र पातळ करू नकोस.

तुझी,
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं वाचून मी दिवसभर काही काम केलं नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की आपण त्यांना सुख दिलं. त्या टेबलाबद्दल मला माफ कर. तेच शब्द मी तुला लिहिले, आणि लिहिताना मला आठवलंही नाही.

आता कामाचं. थोरलाच घेतोय, दोन. तुझ्याकडे येईल त्यात स्क्रीनला हात लावून फोकस सरकवायची सोय मी मेनूतून पार बंद केलीय. चौकट फक्त मागच्या छोट्या दांडीने सरकेल, नाकाने काही होणार नाही. जिन्यात चार फुटी चेहरे लागायचेत, हे तुझं म्हणणं बरोबरच होतं. मी फिल्म अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत घेईन आणि मधे पाणी पिईन. बायको खूश आहे.

मॅनेजरबाईंना भेटून आलो. नमुने बिघडले ते माझ्या सेटिंगमुळे, हे सांगितलं आणि आजोबांचा फोटो समोर ठेवला. त्यांनी तारीख दिली, अठरा मार्च. तुझ्या डोळ्याबद्दल मी बोललो नाही. ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. पुढच्या तपासणीला मात्र मी बरोबर येणार, त्यात वाद नको.

साठ माणसांना एकेक करून कोणीतरी आत बोलवायला हवं. सकाळी मला फिल्मचं काम नाही, तेव्हा नावं मी पुकारीन. तो स्टूल अजून असेल तर झाडून कारखान्यात ने. लोभ तर आहेच, आता जरा विश्वासही वाढव.

तुझा,
बारक्या

ता. २४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उ. आ.

साठचे साठ तपासले. एकही गेला नाही. मॅनेजरबाईंना डोळ्याचं मी स्वतःच सांगितलं, फोटो त्यांच्या हातात दिल्यावर. त्या पुढच्या वर्षीच्या कामाचं विचारून गेल्या.

सोबत एकसष्टावा पाठवतेय. थोरल्याने काढलाय, डाव्या डोळ्याने. तू स्टुलावर बसून नावं पुकारत होतास तेव्हाचा. मोठा करून बघ, पापण्या मोजता येतील. नाक बाबांचंच आहे. आणि पुढचा माणूस खुर्चीत बसला की तूही हनुवटी वर करत होतास. दिवसभर करत होतास, तुला कळत नव्हतं.

बाबा सहा वर्षं त्या स्टुलावर बसले. घरात फोटो काढणारी दोन माणसं, आणि त्यांचा तिथला एक फोटो आपल्याकडे नाही. म्हणून हा काढला. फ्रेम करून तुझ्या टेबलावर ठेव.

येत जा. तुझ्यासाठी दार उघडं आहे, स्टूलही आहे.

तुझी,
ताई