अक्काचं बाळ माझ्या पोटात

सोलापूर

आईस सुकन्याचा नमस्कार.

आई, कोर्टाचा हुकूम मिळाला! अक्काची गर्भपिशवी काढलीय, म्हणून तिचं न् दाजींचं बाळ मी पोटात वाढवणार. जन्मल्यापासून ते त्यांचंच, असं हुकमात लिहिलंय.

मॅजिस्ट्रेट बाईंनी मला एकटीला विचारलं, "कुणी जबरदस्ती केली का?"

"न्हाय बाई. अक्का नकोच म्हणत होती, मीच मागं लागले."

"बाळ देताना जड गेलं तर?"

"रडू येईल की. पण मावशी म्हणून भेटायला कोण अडवतंय?"

सोमवारी दवाखान्यात त्या दोघांच्या बीजापासून केलेला गर्भ माझ्या पोटात ठेवणार. ह्यांनी रजा काढलीय. थोडी भीती वाटती, पण आनंद लई हाय.

शेळी व्याली का?

अक्कानं मला ह्यात ओढलं असं वाटून तू रागावलीस, म्हणून ती तुला फोन करायला भिती. सोमवारी ये. एका हातानं तिला धर, एका हातानं मला.

तुझीच धाकटी,
सुकन्या