मी फाटकापाशी आहे

११ जानेवारी
पोचले एकदाची! बोटीने इतके हेलकावे दिले की निम्मा रस्ता मी डोळे मिटून बसले होते. धक्क्यावर उतरले तर अर्लेंड माझ्या खोक्यांच्या ढिगामागून नुसता हसत होता. डंडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या सोडून मी आता ऑर्कनी बेटांवरच्या एका दगडी घराची मालकीण झाले आहे. समोर समुद्र, मागे गाई आणि मधे वारा.

इंगा दारातच उभी होती. सात वर्षांची, बापासारखीच रुंद कपाळाची. तिने मला सगळं घर हिंडून दाखवलं, अगदी घर विकायला काढल्यासारखं. ही न्हाणी, इथला नळ घट्ट आहे. ही माझी खोली. ही तुझी आणि बाबांची. मला ‘इसोबेल’ म्हणू का, असं तिनेच विचारलं. मी हो म्हटलं. आईची जागा घ्यायला मी आलेली नाही, हे मला तिला सांगायचं होतं, पण पहिल्याच दिवशी जीभ वळली नाही.

संध्याकाळी शेजारच्या बेला लिंकलेटर गरम बॅनक घेऊन आल्या. जवाच्या त्या जाड भाकऱ्या आणि त्यांबरोबर गावात कोण आजारी, कोण भांडलेलं, सगळं सांगून गेल्या. वारा कायम असाच असतो का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, एकदा थांबला होता, तेव्हा आमच्या सगळ्या कोंबड्या तोल जाऊन पडल्या. मी त्यांना केस सेट करून द्यायचं कबूल केलं. डंडीतल्या सलूननंतरचं पहिलं गिऱ्हाईक!

१४ जानेवारी
अर्लेंड तेलविहिरीवर गेला. आता तीन आठवडे तो समुद्रात आणि आम्ही दोघी इथे. जाताना दारात बॅग खांद्याला लावून म्हणाला की घरातले धुराचे अलार्म बदलून घ्यायचे आहेत. पुढच्या महिन्यापासून नवा कायदा येतोय, एकमेकांना जोडलेलेच हवेत. डेव्ही येईल, त्याला सगळं ठाऊक आहे. हे सांगताना तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. एवढ्याशा कामासाठी एवढा चेहरा का पडावा, कळलं नाही.

१८ जानेवारी
डेव्ही आज आला. गावात वायरिंग करणारा हाच, आणि आगीचा बंब निघाला की त्यावर चढणाराही हाच. भलता गप्पिष्ट. बैठकीत एक, खालच्या वाटेत एक, जिन्यावर एक असे धुराचे अलार्म लावले आणि स्वयंपाकघरात उष्णतेचा. तिथे धुराचा नको, म्हणाला, नाहीतर तुझा टोस्ट करपला की सगळं घर बोंबलेल. चारही आतून जोडलेले. एक ओरडला की सगळे ओरडणार. त्याने बटण दाबून दाखवलं तेव्हा मी खरोखरच दचकले आणि दोघंही हसलो.

मग जिन्यावरचा जुना काढायला तो शिडीवर चढला. पिवळा पडलेला, थाळीएवढा अलार्म. काढण्याआधी सवयीने त्याने त्याचंही बटण दाबलं. दोनचार शिट्या झाल्या आणि त्यातून एक बाई बोलली.

“इंगा, ऊठ राणी. बूट घाल आणि बाहेर ये. मी फाटकापाशी आहे.”

आवाज बसलेला होता, जराही घाई नसलेला. डेव्हीचा हात वरच राहिला. तो इंगाच्या वारलेल्या आईबरोबर, थोराबरोबर, शाळेत होता; आवाज कोणाचा ते त्याला सांगावं लागलं नाही.

इंगा खोलीतून बाहेर आली. आमच्याकडे न बघता जिना उतरली, बूट घातले, कोट न घेता बाहेर गेली. मी मागे धावले. ती फाटकाची वरची दांडी दोन्ही हातांनी धरून रस्त्याकडे बघत होती. तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. आत आल्यावर एवढंच म्हणाली, “आज आली नाही.”

मी डेव्हीला ती वस्तू घेऊन जायला सांगितलं. एकदा अर्लेंडला विचार, असं तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, मी सांगते आहे ना. त्याने बॅटरी काढली आणि अलार्म स्वतःच्या स्वेटरमधे गुंडाळून नेला.

१९ जानेवारी
अर्लेंडचा फोन. मी अलार्मचं विचारलं. मग त्याने सांगितलं. इंगा लहानपणापासून दगडासारखी झोपते, साध्या शिट्टीने उठत नाही. आजारपणाच्या शेवटच्या हिवाळ्यात थोराने त्या अलार्ममधे आपला आवाज भरला. मग ब्लँकेट गुंडाळून स्वतः फाटकापाशी उभी राहायची आणि पोरीकडून सराव करून घ्यायची. मला तो काढवत नव्हता, तो म्हणाला, म्हणून तुझ्यावर टाकलं. “पण फेकायचा नव्हता गं, इसोबेल.”

मी लगेच डेव्हीला फोन केला. अलार्म कालच कचऱ्याच्या डेपोत गेला होता, चिरडला गेला होता. मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

२२ जानेवारी
आज जे झालं ते शांतपणे लिहिते.

दुपारी स्वयंपाकघरात मी बेलांच्या केसांना रोलर लावत होते. त्या बहिणीच्या जावयाची चेष्टा करत होत्या. तेवढ्यात छतावरून, उष्णतेच्या अलार्ममधून, तोच आवाज आला. आणि खालच्या वाटेतून, बैठकीतून, जिन्यावरूनही तोच. सगळीकडून एकदम.

“इंगा, ऊठ राणी. बूट घाल आणि बाहेर ये. मी रस्त्यावर आहे.”

बेलांनी कप खाली ठेवला आणि “थोरा” एवढंच म्हणाल्या. म्हणजे मला भास झाला नाही.

फाटक उघडं होतं. इंगा रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती.

आवाज आधी ‘फाटकापाशी’ म्हणाला होता. आज ‘रस्त्यावर’ म्हणाला. भरून ठेवलेला आवाज शब्द बदलत नाही.

२४ जानेवारी
डेव्ही येऊन गेला. एक अलार्म खोलून माझ्या हातात दिला. आत भोंगा आहे, बॅटरी आहे, बाकी थोड्या तारा. “यात बोलायला काही नाहीच,” म्हणाला. मी बेलांना विचारून घ्यायला सांगितलं. त्याची गरज नव्हती, बेलांनी सगळ्या गावाला सांगितलंच होतं. तो छताकडे बघत राहिला. चहा अर्धा टाकून गेला. आज एकही विनोद नाही.

इंगा मात्र खुशीत. जेवताना पाय हलवत गाणं म्हणत होती. आईचा आवाज ऐकून तुला भीती नाही वाटत का, असं मी विचारलं. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

२७ जानेवारी
मी मागे दोरीवरचे कपडे काढत होते. घरातून आवाज आला. मी धावले, पण इंगा निघून गेली होती.

आमच्या समोर एक छोटं बेट आहे, त्यावर फक्त मेंढ्या. ओहोटीला दगडांची वाट उघडी पडते, भरतीत बुडते. इंगा त्या वाटेवर होती. पाणी परत चढत होतं. मी कमरेपर्यंत भिजून तिला उचलून आणलं. बर्फासारखं पाणी. ती मला लाथा मारत होती.

म्हणाली, आई पुढे चालत होती. पाठ होती तिची. अजून थोडं गेले असते तर वळली असती.

२८ जानेवारी
चारही अलार्म काढले. टॉवेलमधे गुंडाळून जळणाच्या खोपटात, पीटच्या, म्हणजे शेगडीत जाळायच्या मातीच्या, विटांमागे टाकले. कायदा गेला खड्ड्यात.

पुढच्या दाराला कुलूप. मागचंही खिळे ठोकून बंद. किल्ली माझ्या गळ्यात.

इंगाला ताप आहे. तिने दार बघितलं आणि म्हणाली, “आता आईला आत येता येणार नाही.” मग जरा थांबून, “ती बाहेरच उभी राहील. तू तिला थंडीत ठेवलंस.”

माझ्यावर इतक्या शांतपणे कोणी कधी रागावलं नव्हतं.

अर्लेंडला सगळं सांगितलं. तो निघायला तयार आहे, पण या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाही.

३१ जानेवारी
आवाज नाही. काही नाही. वारा फक्त.

मी झोपलेले नाही. इंगा पलंगावर बूट घालून बसते. काढले की परत घालते. बेला म्हणाल्या, दोघी माझ्याकडे या. मी नको म्हटलं. त्यांच्या घरीही डेव्हीने तेच नवे अलार्म लावलेत.

घर इतकं गप्प की मीच कान देऊन ऐकते. तिची वाट बघत असल्यासारखी—

१ फेब्रुवारी, बेलांच्या घरी
सगळं क्रमाने लिहिते.

दुपारी शेगडीपुढे खुर्चीत माझा डोळा लागला. कोणीतरी माझं नाव घेतलं. अगदी कानाशी. “इसोबेल, ऊठ. इंगाला घे. मी फाटकापाशी आहे.”

घरात एकही अलार्म नव्हता.

डोळे उघडले तर धूर. सकाळी मी शेगडीतली राख बादलीत काढून दाराजवळ ठेवली होती. थंड झाली आहे असं समजून. कोट पेटले होते, दार पेटलं होतं. गळ्यातल्या किल्लीचा उपयोग नव्हता. मी वर गेले, इंगाला ब्लँकेटमधे गुंडाळलं, स्वयंपाकघराची खिडकी खुर्चीने फोडली आणि तिला बाहेर ढकलून मागून पडले.

फाटकापाशी कोणी नव्हतं. पण एवढ्या वाऱ्यातही फाटक सताड उघडं होतं, कोणी धरून ठेवल्यासारखं.

बंब आला, डेव्ही त्यावरच. निम्मं घर गेलं. तो म्हणाला, अशा धुरात झोपलेला माणूस उठत नाही. तू उठलीस कशी? मी सांगितलं. त्याने टोपी काढली.

मी थोराला काय समजले होते! रात्रंदिवस तिच्यापासून पोरीला लपवत बसले आणि शेवटी तिनेच दोघींना बाहेर काढलं. मी इंगाला जवळ घेतलं आणि म्हटलं, “आई बोलावेल तेव्हा जायचं. मी अडवणार नाही. कधीच नाही.”

ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

२ फेब्रुवारी, सकाळ
आत्ता कुठे फटफटतं आहे. वारा पडला आहे. अर्लेंडचं हेलिकॉप्टर सुटलं, दुपारपर्यंत तो घरी. कुठल्या घरी, ते बघू. इंगा मागच्या खोलीत झोपली आहे. किती दिवसांनी मी पोटभर खाल्लं.

बेला आत्ता बॅनक नाही नि गप्पा नाहीत, नुसता चहा घेऊन बसल्या होत्या. मग आडवं व्हायला गेल्या. जाताना म्हणाल्या, “एक कळत नाही, पोरी. हाक नेहमी लेकीला. काल तुला का?”

मी म्हटलं, मी झोपले होते म्हणून.

“झोपली तर तीही होती. पण दार बंद करणारी तू होतीस ना.”

त्या गेल्यावर मी हेच घोळवते आहे. बंद करणारी मी. आणि काल उघडलं कोणी? मीच. नुसतं दार नाही. मी पोरीला शब्द दिला की तिला अडवणार नाही. कालची हाक त्यासाठीच—

आवाज.

बेलांच्या छतावरून. हळू. “इंगा, ऊठ राणी. बूट घाल—”

दगडांवर आहे म्हणते. दगडांवर—

खाट रिकामी. बूट नाहीत. मागचं दार उघडं.

हाका मारल्या, बेला उठत नाहीत. खिडकीतून दिसतंय, पाणी ओसरलंय, वाट उघडी, आणि वाटेवर दोघी. एक उंच, पाठमोरी. लहान तिच्या मागे. चालत नाही, उड्या मारत जातेय. आनंदात— कडेने पाणी चढायला लागलंय, मला इथून दिसतंय, तिला नाही दिसत—

उंच बाई थांबली. वळतेय—

परत आवाज. आता माझं नाव. बूट घाल म्हणते, तूही बाहेर ये, मी