मिनिटाला एकशे बारा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सहा हजार एकशे चाळीस शब्द, तीन तासांत! वर्गात कुणी माझ्या आसपासही नसेल.

लॉ स्कूलची टॉर्ट्सची, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याची, चाचणी आज झाली. शेवटच्या तासात माझ्या कीबोर्डचा आवाज ऐकून पुढच्या रांगेतली पोरगी दोनदा मागे वळून बघत होती. बघ बाई, बघ. तू शाळेत पाढे म्हणत होतीस तेव्हापासून मी हे काम करते आहे. जज ब्रँड्टच्या कोर्टात एकोणीस वर्षं स्टेनो. स्टेनोच्या यंत्रावर मिनिटाला दोनशे चाळीस, साध्या कीबोर्डवर एकशे बारा. परीक्षेत यंत्र न्यायला बंदी आहे, नाहीतर या पोरांची काही धडगत नव्हती.

बाहेर रुबेन भेटला. "किती झाले?" मी आकडा सांगितला. "माझे सतराशे," म्हणाला आणि सँडविचचा कागद सोडायला लागला. बिचारा. दोन बोटांनी टाइप करतो. बापाबरोबर छपरं घालायला जायचा, तिथे खिळे मारायच्या बंदुकीनं डाव्या हाताची बोटं अधू झाली. चोवीस वर्षांचं पोर, डोकं चांगलं आहे. पण या वेगानं वकिलीची परीक्षा कशी व्हायची? त्याला टायपिंग शिकवायला हवं. माझ्याकडून तेवढं पुण्य होऊन जाऊ दे.

१५ ऑक्टोबर

मनगटं दुखतायत. गोड दुखणं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सी मायनस.

दोनदा बघितलं. परीक्षेचा नंबर माझाच आहे. पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, म्हणून आधी वाटलं कुणाचा तरी आपल्याकडे आला. पण पहिल्या पानावरचं वाक्य माझंच होतं. पहिलीच दोन पानं म्हणजे प्रश्नातली हकिगत. आइस्क्रीमची गाडी, तिची घंटा, बुजलेला घोडा, शिडीवरून पडलेला रंगारी, सगळं क्रमवार, काही न सोडता. शेजारी प्रोफेसर ऑस्गुडचं बारीक अक्षर: "हे मला ठाऊक आहे, प्रश्न मीच काढला होता." नवव्या पानावर: "जिंकतो कोण?" शेवटच्या पानावर पुन्हा तेच, खाली दोन रेघा.

सरळ त्यांच्या खोलीवर गेले. म्हटलं, सर, मी दोन्ही बाजूंचं एक अक्षरही सोडलेलं नाही.

"तीच तर पंचाईत आहे, मिस टॉलिव्हर," म्हणाले. "तुम्ही मला जबानीची नोंद दिलीत. इतकी नेटकी नोंद माझ्याकडे आजवर आली नसेल. पण मी उत्तर मागितलं होतं. घोडा, घंटा, रंगारी. कोण कुणाचं किती देणं लागतो, आणि का?"

आणि तिसऱ्या प्रश्नाला मी पोचलेच नव्हते. सहा हजार शब्द दोनच प्रश्नांत गेले.

फळ्याजवळ सर्वांत चांगला पेपर लावला होता, बिननावाचा. शब्दसंख्या खाली छापून आली होती: १७१२. मी तिथेच उभी. रुबेन मागून येऊन कानाची पाळी चोळायला लागला. "मला वाटलं, तपासताना चूक झाली असेल," म्हणाला. चूक कसली, गाढवा. मी तो पेपर तिथेच उभ्यानं वाचला. एक वाक्य काढायचं म्हटलं तर काढता येत नव्हतं.

राग आला. त्याचा नाही. नाही, थोडा त्याचाही.

डिसेंबरात या सत्राची परीक्षा. तिचे गुण याच्या तिप्पट. सरासरी सीच्या खाली गेली की घरी, नियम साधा आहे. घरी म्हणजे परत कोर्टात, त्याच खुर्चीत, लोकांचं बोलणं टिपत. जज ब्रँड्टनी मला रजा देऊन खुर्ची राखून ठेवली आहे, हे एक बरं आहे. पण मला ती नको आहे. हे आज पहिल्यांदा लिहिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

सौदा ठरला. मी रुबेनला दहा बोटांनी—म्हणजे आठ—टाइप करायला शिकवायचं, त्यानं मला थांबायला.

त्याच्या हातांवर मी टॉवेल टाकते, कळा दिसू नयेत म्हणून. तो माझा लॅपटॉप मिटतो आणि वर त्याचा कॉफीचा थर्मास ठेवतो. पंधरा मिनिटं उघडायचा नाही. कागदावर फक्त एवढं: कोण, कुणावर, कशासाठी. मग वादी-प्रतिवादीच्या ज्या जोडीत खरं भांडण आहे तिथे फुली. जिथे भांडणच नाही तिथे एक ओळ आणि पुढे चालू. "छपराला सगळीकडे खिळे मारत बसत नाही कुणी," तो म्हणाला. "जिथे वारा शिरतो तिथे मारायचे."

मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाला, "कुणी नाही. माझी बोटंच चालत नाहीत. विचार करत टाइप केलं की तासाला जेमतेम सहाशे शब्द होतात. मग कुठे खर्चायचे ते आधी ठरवावं लागतं."

आणि मी त्याची कीव करत होते!

९ नोव्हेंबर

थर्मासखाली बसणं जमलं. लिहिणं जमत नाही. मुद्दे काढते, दोन्ही बाजू मांडते आणि मग बोटं थबकतात. "वादी जिंकेल" हे दोन शब्द उमटत नाहीत. रुबेन म्हणतो, "अगं, चुकीचं लिही, पण लिही. चुकीच्या निकालालाही कारण चांगलं असलं तर गुण मिळतात."

त्याला काय कळणार. एकोणीस वर्षं मला पगार मिळाला तो मत नसण्याचा. साक्षीदार रडला तर "(साक्षीदार रडतो)" एवढं टिपायचं, आपण रडायचं नाही. वकील मूर्खासारखा बोलला तर मूर्खासारखंच टिपायचं. स्वतःचा एक शब्द घालायचा नाही, दुसऱ्याचा एक गाळायचा नाही. चांगल्या स्टेनोच्या नोंदीत स्टेनो कुठेच नसते. मी फार चांगली स्टेनो होते.

एका गोदामात पडून अधू झालेल्या कामगाराच्या खटल्यात, माझ्या नोंदीच्या पान २१२ वर, फोरमन म्हणाला होता, "तोवर दिवा गेलेलाच होता." तोवर म्हणजे कधीपासून? एवढा एक प्रश्न विचारला असता, तर मालकाचा हलगर्जीपणा उघडा पडला असता. वकिलानं कागद उलटला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. माझे हात यंत्रावर. तो कामगार हरला, कुबड्या घेऊन माझ्यासमोरून गेला. त्या दिवशी घरी येऊन मी लॉ स्कूलचा अर्ज मागवला. पाठवायला सहा वर्षं लागली, ती गोष्ट वेगळी.

हे रुबेनला सांगितलं. त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग थर्मास उचलून म्हणाला, "चल. फोरमनच्या मालकाविरुद्ध लिही. वीस मिनिटं."

लिहिलं. चारशे दहा शब्द. शेवटी "वादी जिंकेल".

२० नोव्हेंबर

रुबेन मिनिटाला एकोणचाळीस! एकतिसावर होता. टॉवेलखाली शिव्या देतो, स्पॅनिशमध्ये, मला कळत नाही असं समजून. कोर्टात एकोणीस वर्षं काढलीत, बाळा.

माझी चाल आता अशी. परीक्षा चार तास, प्रश्न तीन, गुण सारखे. म्हणजे एकाला ऐंशी मिनिटं, आणि ती संपली की अर्ध्या वाक्यात सोडायचं. ऐंशीतली वीस कळांना हात नाही. निकाल पहिल्या ओळीत, मग "कारण", मग समोरची बाजू, मग ती का पडते. वेग मला आहेच. तो आता शेवटी वापरायचा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सणाची टर्की, आज टर्कीचंच सँडविच. जज ब्रँड्टना भेटायला कोर्टात जाणार होते. त्यांचा सकाळीच फोन. "इथे येऊ नको, कोर्टरूमला रंग देतायत, डोकं दुखेल. कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये ये."

बाईंनी भोपळ्याच्या गोड पेस्ट्रीचे दोन तुकडे मागवले, दोन्ही स्वतः खाल्ले. मी सी मायनसचं सांगितलं. हसल्या नाहीत. "खुर्ची तुझी आहे," म्हणाल्या. "दोन जानेवारीला संध्याकाळी पाचपर्यंत सांग, येतेस की नाही. त्यानंतर मात्र दुसरं माणूस बघावं लागेल."

"बाई, माझा निकाल नऊ तारखेला लागतो."

"मग?"

"म्हणजे कळायच्या आधीच ठरवायचं?"

"मी रोज काय करते?" बोट चाटत म्हणाल्या. "सगळं कळल्यावरच निकाल द्यायचा म्हटलं असतं, तर माझ्या कोर्टात आजवर एकही खटला संपला नसता."

गाडीत बसून जरा चिडले. एक आठवडा थांबायला काय जातं त्यांचं? पण तारीख म्हणजे तारीख, त्या बाईनं वकिलांनाही कधी अर्ध्या दिवसाची मुदत वाढवून दिली नाही.

४ डिसेंबर

रुबेन शेहेचाळीस. मी वीस मिनिटं, थर्मास न ठेवता.

११ डिसेंबर, गुरुवार

झाली.

नऊला सुरुवात. पर्यवेक्षकानं "करा सुरू" म्हटलं आणि शंभर कीबोर्ड एकदम वाजले. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. खरोखर, वर बसले त्यांच्या. पुढची ती पोरगी पाच मिनिटांनी मागे वळली, माझा आवाज येईना म्हणून. मला तसं बसलेलं बघून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं असेल, म्हातारी संपली. मी तिला मान हलवून दाखवली, कर बाई तुझं तू. एक्केचाळीस म्हणजे काही म्हातारी नव्हे.

पहिला प्रश्न जत्रेतल्या आकाशपाळण्याचा. पाळणा वर अडकतो, वरचा माणूस गरम कॉफीचा थर्मास खाली टाकतो. थर्मास! मला हसूच आलं. नऊ वाजून वीस मिनिटांनी कागदावर सात जोड्या होत्या, त्यातल्या तीनवर फुल्या. मग हात कीबोर्डवर ठेवले. मग मात्र कुणी ऐकायला हवं होतं.

दुसऱ्यात ऐंशी मिनिटं संपली तेव्हा वाक्य अर्धं होतं. सोडलं. तिसरा प्रश्न उघडला.

तिसऱ्यात खरी अडचण. अंधाऱ्या जिन्यावरून भाडेकरू पडतो. घरमालकानं जिन्यावरचा दिवा दुरुस्त केला नव्हता की केला होता, हे प्रश्नात मुद्दाम सांगितलेलं नाही. ऑस्गुड फार पोचलेला माणूस. दोन्ही बाजू तंतोतंत तुल्यबळ. बोटं थबकली, जुनी सवय. सात मिनिटं नुसती बघत राहिले. मग लिहिलं, "भाडेकरू जिंकेल, कारण दिवा कधीपासून बंद होता हे सांगण्याची जबाबदारी ज्याच्या हातात जिना होता त्याची आहे." आणि पुढे दहा मिनिटं एकशे बाराच्या वेगानं. उलट बाजू घेतली, तिला तिचा मान दिला आणि पाडली.

चूक असू शकतं. पण ते माझं आहे.

एकूण तीन हजार नव्वद शब्द. बाहेर रुबेन उड्या मारत होता, त्याचे दोन हजार सहाशे झाले म्हणून. मी म्हटलं, जास्त लिहायला लागलास की सी मायनस मिळतो, जपून. आम्ही मिरचीचा रस्सा घातलेली सॉसेजेस खाल्ली, दोन-दोन. त्यानं स्पॅनिशमध्ये काही तरी म्हटलं. मी स्पॅनिशमध्येच उत्तर दिलं. त्याचा घास घशात अडकला.

१२ डिसेंबर

बारा तास झोपले. तिसऱ्या प्रश्नात "जबाबदारी" हा शब्द बरोबर होता का? होता.

३० डिसेंबर

होता का? लॅपटॉप उघडून उत्तर आठवून टाइप करत होते, शब्दन् शब्द. मिटला. वर थर्मास ठेवला. रुबेननं नाताळला तो मलाच देऊन टाकलाय.

खुर्ची. ती खुर्ची मला नीट माहीत आहे. डावा हात जरा सैल आहे तिचा. निवृत्तिवेतनाला अकरा वर्षं राहिली होती. शहाणं माणूस म्हणेल, फोन करून सांग की येते. नऊला पास झालीस तर पुन्हा नाही म्हण. पण तसं मी जज ब्रँड्टना करणार नाही. आणि स्वतःलाही नाही. हकिगत आहे तेवढी माझ्यासमोर आहे. उत्तर देणं आलं.

२ जानेवारी, शुक्रवार

चार वाजता फोन केला. म्हटलं, बाई, मी येत नाही. खुर्ची दुसऱ्याला द्या.

"बरं," म्हणाल्या. मग जरा थांबून, "गिब्स नावाचा मुलगा आहे. ऑगस्टपासून बसतोय तिथे. बरा आहे, पण सारखं नाक ओढतो."

मला कळायला वेळ लागला. "ऑगस्टपासून?"

"काउंटीचं ऑफिस एक दिवस रिकामी ठेवत नाही खुर्ची. तू गेलीस त्याच आठवड्यात भरली."

"आणि कोर्टरूमचा तो रंग?"

"रंग कसला. कोर्टात आली असतीस तर तो बसलेला दिसला असता तुला." मग म्हणाल्या, "खुर्ची भरली असं सांगितलं असतं तर परीक्षेत तू घाबरून लिहिलं असतंस. आणि तारीख दिली नसती तर ठरवलं नसतंस. आता मला शिव्या दे हवं तर, मी ऐकते."

दिल्या नाहीत. एकोणीस वर्षं त्या बाईच्या तोंडचा शब्दन् शब्द मी टिपला, आणि खोटं बोलतात तेव्हा आवाज कसा होतो हे मला ठाऊक नव्हतं.

निकाल नऊला. मी जिंकेन. कारण परत जायला खुर्ची नव्हतीच, आणि तरी मी इथवर आले.