राजीखुशीने

बाबा, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, पण आज मला तुमची किळस आली. ती कोणाला सांगावी ते कळेना, म्हणून तुम्हालाच सांगते.

तो दिवस आठवतो? आईने चुलीवर भात ठेवला होता आणि तुम्ही उंबऱ्यात उभं राहून पेपर मोठ्याने वाचत होता. वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही जन्मापासून मुलाइतकाच हिस्सा, असा कायदा झाला होता. तुमचा आवाज कापत होता. छप्पन साली आजोबांच्या खांद्यावर बसून तुम्ही दीक्षेला नागपूरला गेलात आणि परत आल्यावर आजोबांनी घरातले देव गावच्या बोडीच्या पाण्यात नेऊन टाकले, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली होती. त्या दिवशी तुम्ही ती पुन्हा सांगितली आणि म्हणालात, "तवा अर्धंच काम झालं होतं माय. आज पूरं झालं." मी चार दिवस माहेरी आले होते. ऐकता ऐकता रडले.

धान कापून झाल्यावर तुम्ही मला आरमोरीच्या सासरहून बोलावून घेतलं आणि जीपने ब्रह्मपुरीला नेलं. मला वाटलं, सातबाऱ्यावर नाव चढवायला चाललोय. मूर्ख मी! कचेरीसमोरच्या टेबलावर हक्कसोडपत्र टाइप होऊन तयार होतं: माझा हिस्सा मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय भावाला सोडून देत आहे. भाऊ बाजूला उभा आहे, माझ्याकडे बघत नाही. "सही करून टाक माय," तुम्ही म्हणता, "माहेर राह्यते." मी विचारते, "मंग तो कायदा कायले वाचला बाबा?" तुम्ही म्हणता, "कायदा चांगलाच हाय. पण घर काय कायद्यानं चालते?" मी सही केली. मग तुम्ही पिशवीतून साडी काढलीत. हक्क सोडणाऱ्या बहिणीला साडी द्यायची, ही आपल्याकडची रीत. फरक एवढाच, तुम्ही पांढरी आणलीत, निळ्या काठाची, विहारात नेसायची. देव बोडीत बुडवणाऱ्याच्या मुलाने ही रीत मात्र कोरडीच्या कोरडी सांभाळली.

आता तसल्याच एका टेबलामागे मी बसते. नवरा गेल्यावर आरमोरीला दस्त लिहायचं काम धरलं. येतात ती बहुतेक हक्कसोडपत्रंच. बौद्ध, कुणबी, ढिवर, सगळ्यांचे भाऊ सारखेच. सगळ्यांच्या पिशवीत साडी आधीच घेतलेली. त्या कायद्याचं अक्षरही कोणी खोडलेलं नाही बाबा, खोडायची गरजच पडत नाही. जे मिळालं ते सोडून द्यायची सोयही कायद्यातच आहे, शिक्क्यासकट. 'राजीखुशीने' हा शब्द मी रोज लिहिते.

आज एक मुलगी आली होती. लग्नाला वर्षही झालं नसेल. भाऊ झेरॉक्स काढायला पलीकडे गेला, तशी ती टेबलावर वाकून हळूच म्हणाली, "बाई, मी सही नाई केली तं चालते का?" इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. 'चालते' एवढंच म्हणायचं होतं. कायदा मला तोंडपाठ आहे. तिचा भाऊ कागद हलवत रस्ता ओलांडत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "सही करून टाक माय. माहेर राह्यते." ती सरळ बसली.

माझं माहेर काय राहिलं, ते तुम्हाला बघावं लागलं नाही. तुमच्यानंतर भावाने दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा कुठल्या ना कुठल्या सहीसाठी.

उद्या अकराला ती पुन्हा येणार आहे, सही, अंगठा आणि फोटो द्यायला. हे पत्र मी तिच्या दस्ताच्या कच्च्या मसुद्यामागे लिहिते आहे. तिला खरं काय ते सांगेन, असं लिहायला बसले होते. पण पक्की प्रत छापून पिशवीत ठेवली आहे, आणि ती मी अजून फाडलेली नाही.